वीज पारेषण जाळे : टोकाच्या तापमानासाठी नियोजन

निर्मिती केंद्रांतील वीज अतिउच्चदाब वाहिन्यांवरून उपकेंद्रांपर्यंत वाहून नेणारे पारेषण जाळे उष्णतेच्या लाटेत आणि कडाक्याच्या थंडीतही चालू राहावे, यासाठी आगाऊ केलेला अभ्यास व आखणी. मागणी किती वाढेल, कोणती निर्मिती घटेल, कोणती वाहिनी किती भार पेलेल आणि शेजारच्या प्रदेशातून किती वीज आणता येईल, या चार प्रश्नांची एकत्रित उत्तरे अशा नियोजनात शोधली जातात.

एखादी वाहिनी किंवा रोहित्र अचानक बंद पडले तरी उरलेल्या जाळ्याने सगळा भार पेलला पाहिजे, हा ‘एन उणे एक’ निकष जगभरच्या पारेषण नियोजनाचा पाया आहे. घटक एकेकटे आणि आपापल्या कारणाने बंद पडतात, हे त्यामागचे गृहीतक. टोकाचे तापमान हे गृहीतकच मोडून टाकते. एकच लाट हजारो चौरस किलोमीटरवर पसरते, मागणी वाढवते, निर्मिती घटवते आणि वाहिन्यांची क्षमताही कमी करते. म्हणून अशा हवामानाकडे अनेक बिघाडांचे एक सामाईक कारण म्हणून पाहावे लागते.

उष्णतेचे परिणाम : तारेतून प्रवाह वाहताना उष्णता निर्माण होते, वारा आणि उत्सर्जन यांमुळे ती बाहेर टाकली जाते. तारेसाठी ७५ अंश सेल्सिअसची मर्यादा ठरवली असेल, तर भोवतालची हवा २५ अंशांवर असताना ५० अंशांचा फरक हाताशी असतो. हवा ५० अंशांवर गेली की तो निम्मा होतो. प्रवाहाची मर्यादा या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने, उन्हाचा ताप बाजूला ठेवला तरी वाहिनीची क्षमता ढोबळमानाने ३० टक्क्यांनी घटते. वारा पडला तर ती आणखी खाली येते.

तापलेली तार लांबते आणि तिचा झोल वाढतो. दोन मनोऱ्यांमधील ४०० मीटरच्या अंतरात तार तीस-चाळीस सेंटिमीटरने लांबली, तर झोल दीड-दोन मीटरने वाढू शकतो. खाली झाडे वाढलेली असतील तर ठिणगी उडून वाहिनी ट्रिप होते, तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर पडतो आणि त्याही तापून खाली येऊ लागतात. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात ३४५ किलोव्होल्ट वाहिन्या झाडांना टेकल्या. त्यातून सुरू झालेल्या साखळीने ईशान्य अमेरिका आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. २१ जून २०२४ रोजी उष्णतेच्या लाटेत बाल्कन प्रदेशातील ४०० किलोव्होल्ट वाहिन्या अशाच ट्रिप झाल्या आणि अल्बेनिया, माँटेनेग्रो, बोस्निया व क्रोएशियाच्या किनारी भागाचा पुरवठा खंडित झाला.

रोहित्राच्या गुंडाळीवरील कागदी विद्युतरोधकाचे आयुष्य तापमानावर अवलंबून असते. सर्वांत तप्त बिंदू ९८ अंशांच्या आसपास असताना त्यात सहा अंशांची भर पडली, की साध्या कागदाचा जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो. रात्रीही हवा थंड होत नाही तेव्हा रोहित्राला उसंत मिळत नाही. म्हणून दिवसाच्या कमाल तापमानाइतकेच रात्रीचे किमान तापमानही नियोजनात मोजावे लागते. भूमिगत केबलसाठी भोवतालची माती महत्त्वाची असते. माती सुकली की उष्णता वाहून जाण्याची वाट अरुंद होते. फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या मध्यवर्ती भागाला वीज देणाऱ्या चारही ११० किलोव्होल्ट केबली कोरड्या उन्हाळ्यात एकामागून एक निकामी झाल्या आणि तेथील वीजसंकट सुमारे पाच आठवडे चालले.

निर्मितीवरही उष्णतेचा भार पडतो. हवा विरळ झाल्याने गॅस टर्बाइनची क्षमता घटते, सौर पॅनेल तापल्याने त्याचे उत्पादन कमी होते, आणि औष्णिक व अणुविद्युत केंद्रांना थंडाव्यासाठी पुरेसे गार पाणी मिळत नाही. नद्यांचे पाणी तापल्यामुळे २००३ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत फ्रान्सला काही अणुभट्ट्यांची निर्मिती कमी करावी लागली.

याच वेळी पंखे, कूलर, एसी आणि शीतगृहे यांची मागणी शिखरावर असते. एसीच्या मोटारींना रिअॅक्टिव्ह पॉवरही मोठ्या प्रमाणावर लागते आणि ती न मिळाल्यास व्होल्टेज कोसळते. २३ जुलै १९८७ रोजी टोकियोत कडक उन्हाच्या दुपारी जेवणाची सुट्टी संपताच मागणी इतक्या झपाट्याने चढली, की व्होल्टेज घसरून सुमारे ८,००० मेगावॉट भार तुटला.

थंडीचे परिणाम : थंड हवेत तारेची वहनक्षमता वाढते, पण इतर अडचणी उभ्या राहतात. तार आकसून तिचा ताण वाढतो. गोठणाऱ्या पावसात तारेभोवती बर्फाचे जाड कवच बनते आणि त्याच्या वजनाने मनोरे कोसळतात. एक मनोरा पडला की ताण असंतुलित होऊन त्यामागची रांग पडत जाते. जानेवारी १९९८ च्या हिमवादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात असे शेकडो पोलादी मनोरे जमीनदोस्त झाले. त्यानंतर तेथे ठरावीक अंतरावर अधिक भक्कम मनोरे उभारून ही पडझड मध्येच थोपवण्याची पद्धत आली. २००८ च्या हिवाळ्यात दक्षिण चीनमधील हुनान आणि ग्वेजो प्रांतांनी हाच अनुभव घेतला. पुढे तेथे डीसी प्रवाह सोडून तारेवरचा बर्फ वितळवणारी यंत्रणा मोठ्या प्रमाणावर बसवण्यात आली.

सर्किट ब्रेकरमधील एसएफ६ वायू तीव्र थंडीत द्रवरूप होऊ लागतो, म्हणून टाकीला हीटर लावावे लागतात. निर्मिती केंद्रांत दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या गोठतात, दगडी कोळशाचे ढीग गोठून घट्ट होतात, पवनचक्कीच्या पात्यांवर बर्फ चढतो आणि नैसर्गिक वायूच्या विहिरींतून वायू येणे मंदावते. घरे विजेवर गरम होत असतील, तर मागणी तापमान घसरते त्याहून वेगाने चढते, कारण पारा उतरतो तशी हीट पंपाची कार्यक्षमता कमी होते.

टेक्सासचे उदाहरण : फेब्रुवारी २०२१ मधील हिवाळी वादळात अमेरिकेच्या टेक्सास राज्यात झालेली वीजटंचाईची घटना या विषयात निर्णायक ठरली. या राज्यात विजेची मागणी उन्हाळ्यात शिखर गाठते, त्यामुळे नियोजनाचा भर उन्हाळ्यावर होता. त्या हिवाळ्यासाठी टोकाच्या मागणीचा अंदाज सुमारे ६७,२०० मेगावॉट होता. लोडशेडिंग केले नसते तर ती सुमारे ७६,८०० मेगावॉटपर्यंत गेली असती, असे नंतर काढलेल्या हिशेबात दिसले. उलट बाजूने वायुपुरवठा आणि निर्मिती केंद्रे एकाच वेळी गोठली. विजेवर चालणारी वायूची काही यंत्रणाही लोडशेडिंगमध्ये बंद पडली. त्यामुळे वीज नाही म्हणून वायू नाही आणि वायू नाही म्हणून वीज नाही, असे चक्र तयार झाले.

१५ फेब्रुवारीच्या पहाटे वारंवारिता ६० हर्ट्झवरून ५९.३ पर्यंत घसरली. ती ५९.४ च्या खाली चार मिनिटांहून अधिक काळ राहिली. नऊ मिनिटे राहिली असती, तर संरक्षक यंत्रणेने आणखी निर्मिती संच बाद केले असते आणि संपूर्ण जाळे कोसळले असते. सुमारे २०,००० मेगावॉट भार तोडून ते वाचवले गेले. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार या वादळात २४६ लोकांचा मृत्यू झाला. त्यांत घरातच गारठून गेलेले लोक होते. वीज नसणे ही अशा हवामानात जिवावरची गोष्ट असते, हे त्या आठवड्याने जगाला दाखवले.

टेक्सासचे जाळे देशाच्या उरलेल्या जाळ्यांपासून जवळपास वेगळे आहे. शेजाऱ्यांशी जोडणाऱ्या डीसी दुव्यांची क्षमता जेमतेम १,२०० मेगावॉट होती. त्याच राज्यातील एल पासो शहर पश्चिमेच्या जाळ्याशी जोडलेले आहे. २०११ च्या थंडीनंतर तेथील केंद्रांना हिवाळी संरक्षण दिलेले होते आणि या वादळात तेथे मोठा खंड पडला नाही. शेजारच्या राज्यांनीही पूर्वेकडून मोठ्या प्रमाणावर वीज आणून तग धरला.

नियोजनाची पद्धत : पहिली पायरी म्हणजे निकष-घटनेची निवड. दीर्घकाळाच्या नोंदींतून अनेक दिवस टिकलेली आणि विस्तीर्ण प्रदेश व्यापणारी उष्णतेची व थंडीची लाट शोधली जाते. हवामान बदलत असल्याने जुन्या नोंदींना भविष्यातील प्रारूपांची जोड द्यावी लागते. दुसऱ्या पायरीत त्या तापमानाला मागणी, निर्मिती आणि प्रत्येक वाहिनीची क्षमता किती असेल, याचे गणिती प्रारूप मांडतात. त्यात एका प्रदेशाची मागणी आणि शेजारच्या प्रदेशाची उपलब्धता एकाच हवामानाशी जोडलेली असणे आवश्यक असते. दोन्ही प्रदेश एकाच लाटेत सापडलेले असताना शेजाऱ्याकडे शिल्लक आहे असे धरले, तर संपूर्ण अभ्यास फोल ठरतो. तिसऱ्या पायरीत घटक बाद करून भारप्रवाह, व्होल्टेज आणि स्थैर्य तपासले जाते. त्यानंतर गृहीतके थोडी बदलून, उदाहरणार्थ मागणी वाढवून किंवा वारा कमी करून, निष्कर्ष टिकतात का ते पाहतात. शेवटी दोष आढळतील तेथे दुरुस्ती योजना ठरवली जाते.

अमेरिकेत ही पद्धत आता बंधनकारक होत आहे. संघीय ऊर्जा नियामक आयोगाने जून २०२३ मध्ये आदेश क्रमांक ८९६ काढून उत्तर अमेरिका विद्युत विश्वसनीयता महामंडळाला तसे मानक तयार करण्यास सांगितले. टीपीएल-००८-१ हे मानक फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झाले. त्यानुसार दर पाच वर्षांतून किमान एकदा उष्णता व थंडी या दोन्हींसाठी मूल्यांकन करायचे आहे. निकष-घटना निवडताना किमान ४० वर्षांच्या नोंदी पाहायच्या असून निवडलेली घटना तीन दिवसांच्या सरासरीने सर्वांत टोकाच्या २० घटनांपैकी असावी लागते.

उपाय : तारांमध्ये उच्च तापमानालाही कमी झोल देणाऱ्या एचटीएलएस तारा हा प्रभावी उपाय आहे. जुनेच मनोरे ठेवून केवळ तार बदलल्याने वाहिनीची क्षमता बरीच वाढते. वाहिनीची क्षमता हंगामासाठी एकच आकडा न धरता प्रत्यक्ष हवामान, वारा आणि तारेचे तापमान मोजून तासागणिक ठरवण्याची पद्धतही रूढ होत आहे. वाहिनीमार्गाखालील झाडांची नियमित छाटणी हा सर्वांत स्वस्त उपाय. तोच दुर्लक्षित राहिल्याने मोठे अपघात झाले आहेत. रोहित्रांना जादा पंखे व पंप, व्होल्टेज सावरण्यासाठी कपॅसिटर बँक व स्टॅटकॉम, थंड प्रदेशात हीटर व उष्णतारोधक आवरणे, आणि मनोरे पडल्यास तातडीने उभारता येणारे तात्पुरते मनोरे हीदेखील तयारी असते. प्रदेशांमधील जोड-वाहिन्या यांत विशेष मोलाच्या, कारण लाट कितीही मोठी असली तरी तिला कडा असते आणि त्या कडेपलीकडे वीज शिल्लक असू शकते. लोडशेडिंग अटळ झाले, तर रुग्णालये, पाणीपुरवठा आणि इंधनाची साखळी वगळता येईल अशी फिडरची यादी आधीच तयार असणे, हाही नियोजनाचाच भाग आहे.

भारत आणि महाराष्ट्र : भारतात पारेषण नियोजन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या निकषपुस्तिकेनुसार होते, तिची अलीकडची आवृत्ती २०२३ ची आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि एका वारंवारितेचे राष्ट्रीय जाळे पूर्ण झाले. त्यामुळे एका प्रदेशातील ताण दुसऱ्याने वाटून घेण्याची शक्यता वाढली. ३० मे २०२४ रोजी उत्तर भारतातील उष्णतेच्या लाटेत देशाची मागणी सुमारे २,५०,००० मेगावॉटवर पोहोचली. अशा लाटेत दुपारची गरज भागवायला सौरऊर्जा मोठा हात देते, पण सूर्यास्तानंतरही एसी चालू राहतात. म्हणून रात्रीचे शिखर वेगळे तपासावे लागते आणि उदंचन जलविद्युत व बॅटरी साठवणुकीचे महत्त्व वाढते.

थंडीचा प्रश्न देशाच्या उत्तर टोकाला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये उद्घाटन झालेली २२० किलोव्होल्ट श्रीनगर–लेह वाहिनी झोजी ला खिंडीतून द्रास, कारगिलमार्गे जाते. बर्फाचा भार आणि हिमस्खलन लक्षात घेऊन तिची आखणी झाली असून वाटेत गॅस-इन्सुलेटेड उपकेंद्रे आहेत. गंगेच्या मैदानात हिवाळी धुके हा वेगळा धोका आहे. प्रदूषणाने मळलेल्या इन्सुलेटरवर ओल बसून ठिणगी उडते, म्हणून तेथे पॉलिमर इन्सुलेटर बसवले गेले.

महाराष्ट्रात निर्मितीचा मोठा भाग विदर्भात, तर मागणीचा मोठा भाग मुंबई-पुणे पट्ट्यात आहे. चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्ट डीसी वाहिनी १,५०० मेगावॉट वीज सुमारे ७५० किलोमीटर वाहून आणते. उन्हाळ्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा निर्मिती केंद्रे, वाहिन्या आणि स्थानिक मागणी या तिन्हींवर एकदम ताण येतो. १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प शिखर-मागणीच्या वेळी चटकन आधार देतो. मात्र वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवता येणारे ६७.५ टीएमसी पाणी १ जून ते ३१ मे या जलवर्षासाठी ठरलेले असते. कडक उन्हाळ्याचे आठवडे या वर्षाच्या शेवटी येतात, म्हणून वर्षभरातील पाण्याची वाटणी वीज नियोजनाशी बांधलेली राहते.

मर्यादा : टोकाच्या प्रत्येक घटनेला पुरेल इतकी क्षमता बांधणे कोणत्याही देशाला परवडत नाही. वाहिनीचे आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचे असते आणि तिचा खर्च अखेर ग्राहकाच्या बिलातून वसूल होतो. त्यामुळे किती जोखीम स्वीकारायची, हा निर्णय केवळ अभियंत्यांचा उरत नाही. नियामक आयोग आणि लोकांनीही त्यात सहभागी व्हावे लागते. खर्च मोजताना वीज गेल्याने होणारी जीवितहानी, बुडालेले पीक आणि बंद पडलेले कारखाने यांचीही किंमत धरली पाहिजे. निकष-घटना, वाहिन्यांच्या क्षमता आणि लोडशेडिंगच्या याद्या यांचे ठरावीक मुदतीने पुनर्मूल्यांकन केले, तरच बदलत्या हवामानात असे नियोजन उपयोगी राहते.