पुण्यात डिलिव्हरी करणाऱ्या परतूरच्या पोरांसाठी : ई-श्रम, विमा, उपचार आणि भरपाईची संपूर्ण माहिती

परतूर : सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी संपली की परतूर स्टेशनवरून पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांना तरुणांची गर्दी होते. आधी ही पोरं कंपनीत हेल्पर म्हणून लागायची. आता अनेकजण गाडी आणि मोबाईल घेऊन जेवणाची, किराण्याची पार्सलं पोहोचवतात, बाईक टॅक्सी किंवा कॅब चालवतात. पैसा रोज दिसतो, पण हजेरी नाही, पीएफ नाही, पगारी सुट्टी नाही. अपघात झाला की गावाकडं फोन येतो आणि घरच्यांना कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. त्यांच्यासाठी ही माहिती.

गिग कामगार म्हणजे कोण?

मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर राहून काम करणारा आणि त्यातून कमावणारा तो गिग कामगार. अ‍ॅपवरून काम मिळत असेल तर त्याला प्लॅटफॉर्म कामगार म्हणतात. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाण्याचा अंदाज आहे.

कायद्यात काय आहे?

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. केंद्राच्या कायद्यात गिग कामगारांचं नाव पहिल्यांदा आलं ते यातच.

- अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. कामगारांना दिलेल्या एकूण रकमेच्या ५ टक्के ही त्याची कमाल मर्यादा.
- या पैशातून अपघात विमा, जीवन व अपंगत्व संरक्षण, आरोग्य व प्रसूती लाभ, म्हातारपणाची सोय अशा योजना करता येतात.
- ३० डिसेंबर २०२५ च्या नियमांच्या मसुद्यात लाभासाठी एका कंपनीकडे वर्षात किमान ९० दिवस, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम अशी अट मांडली आहे. त्यामुळे किती दिवस काम केलं त्याचा पुरावा जपावा.

या संहितेने पोरगं कंपनीचं कायम कामगार होत नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी किंवा ठरलेला पगार त्यातून मिळत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले, पण ते त्या-त्या राज्यापुरते आहेत. पुण्यात काम करणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

पहिलं काम : ई-श्रम नोंदणी

ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं. त्यात प्लॅटफॉर्म कामगारांची वेगळी नोंदणी आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाईल नंबर आणि बँक खातं लागतं. नोंदणी मोबाईलवरून स्वतः करता येते, नाहीतर गावातल्या सीएससी केंद्रावर. नव्या नोंदणीला शुल्क नाही. नोंदणी झाली की १२ अंकी यूएएन नंबर मिळतो. हेल्पलाईन १४४३४.

बऱ्याच पोरांचं आधार जुन्याच नंबरला जोडलेलं असतं आणि ओटीपी बंद सिमवर जातो. दिवाळीला किंवा पोळ्याला गावी आल्यावर आधी तो नंबर बदलून घ्यावा.

आजारपण आणि दवाखाना

केंद्राने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात गिग कामगारांना ई-श्रमवर नोंदणी, ओळखपत्र आणि आयुष्मान भारतमधून उपचार देण्याची घोषणा केली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. उपचार योजनेच्या यादीतल्या दवाखान्यातच होतात, म्हणून भरती होण्याआधी १५५३८८ वर विचारावं. रेशन कार्डावर पोराचं नाव आहे का, तेही तपासावं. शहरात गेला म्हणून नाव कमी करू नये.

विमा : इथंच बहुतेकजण फसतात

- गाडीचा विमा साधारणपणे खासगी वापराचा असतो. त्याच गाडीवर भाड्याने माणसं किंवा माल नेताना अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते. विमा घेतानाच एजंटला 'डिलिव्हरीसाठी वापरणार' असं स्पष्ट सांगावं आणि पॉलिसीवर तसं लिहून घ्यावं.
- अ‍ॅप कंपनीचा अपघात विमा बऱ्याचदा लॉगिन असताना किंवा ऑर्डरवर असतानाच लागू होतो. अटी अ‍ॅपमध्ये वाचून त्याचा स्क्रीनशॉट घरी पाठवावा.
- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वय १८ ते ७०, वर्षाला फक्त २० रुपये. अपघाती मृत्यूला २ लाख. खात्यातून पैसे मे अखेरीस कटतात, तेव्हा शिल्लक ठेवावी.
- प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : वय १८ ते ५०, वर्षाला ४३६ रुपये. कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख.

अपघात झाला तर घरच्यांनी काय करावं?

१. १०८ किंवा ११२ ला फोन लावायला सांगा. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीवर ठरलेल्या दवाखान्यात ७ दिवस, दीड लाखापर्यंत पैसे न भरता उपचार होतात.
२. पोलिसांत नोंद करून घ्या. एफआयआरची प्रत, दवाखान्याची कागदपत्रं आणि त्या वेळच्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट जपा.
३. मोटार अपघात दाव्यासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही. दावा करणारा जिथं राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही, म्हणजे जालना जिल्ह्यातही, अर्ज करता येतो. कायद्यात ६ महिन्यांची मुदत आहे, 'तेरावं-चौदावं झाल्यावर बघू' म्हणत वेळ घालवू नका.
४. धडक देणारी गाडी पळून गेली असेल तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाईची योजना आहे.
५. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००.

हातात किती उरतं?

अ‍ॅपवर दिसणारा आकडा ही कमाई नाही. समजा दिवसाचे ९०० जमा झाले. त्यातून पेट्रोल २५०, गाडीचा हप्ता १५०, सर्व्हिसिंग-टायर ६०, मोबाईल २० गेले की उरतात ४२०. खोलीभाडं, मेस अजून बाकीच. हा हिशेब नवीन गाडी हप्त्यावर घ्यायच्या आधी मांडावा. आयडी बंद पडली तरी हप्ता थांबत नाही.

घरी ठेवायची फाईल

ई-श्रम कार्ड, आधार, लायसन्स, आरसी व गाडीच्या विम्याची प्रत, बँक पासबुक, कंपनीचा आयडी नंबर, दर महिन्याच्या कमाईचा स्क्रीनशॉट आणि सोबत राहणाऱ्या दोन मित्रांचे फोन नंबर. विमा आणि बँक खात्याला वारसाचं नाव लावलंय का, तेही बघा. पोराच्या मोबाईलमधलं सगळं मोबाईलसोबतच फुटू शकतं, म्हणून एक प्रत परतूरच्या घरातल्या कपाटात असलीच पाहिजे.