कात्री संकलकाची, किल्ली कोणाची?

चित्रपटाच्या संकलनाची कला ही मुळात कात्रीची कला होय. फिल्मची पट्टी उजेडापुढे धरावयाची, नको तो भाग कापावयाचा आणि उरलेले तुकडे एकमेकांस चिकटवावयाचे, हा तिचा साधा विधी. १९२४ साली अमेरिकेत आयव्हन सेरुरिये याने ‘मूव्हिओला’ नावाचे यंत्र निर्माण केले व चालती पट्टी न्याहाळीत संकलन करणे सुलभ झाले. तथापि हातातील कात्री काही सुटली नाही. या जुन्या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. ३५ मिलिमीटरची पट्टी डब्यात घालून ठेविली म्हणजे ती त्या मापाच्या कोणत्याही यंत्रावर चढविता येई. यंत्र करणारा कारखाना बुडाला तरी संकलकाचे काम शाबूत राही.

संगणकाच्या आगमनाने हा गुण नाहीसा झाला. आज छायाचित्रे अथवा चलचित्रे सिद्ध करू पाहणाऱ्या गृहस्थापुढे मॅकिन्टॉश घ्यावा की विंडोजचा संगणक, असा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर तो वेग व किंमत यांच्या तुलनेत शोधतो. गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास मात्र वेगळाच प्रश्न विचारावयास शिकवितो.

चित्रकाम म्हणजे मॅकिन्टॉश, ही समजूत कशी रूढ झाली? १९८७ साली मिशिगन विद्यापीठातील थॉमस नोल हा विद्यार्थी आपल्या मॅकिन्टॉश प्लसच्या निव्वळ काळ्यापांढऱ्या पडद्यावर करड्या छटा कशा दाखवाव्यात या विवंचनेत होता. त्याने लिहिलेल्या छोट्याशा प्रोग्रॅमला त्याचा भाऊ जॉन याची साथ लाभली, आणि १९९० च्या फेब्रुवारीत ॲडोबी कंपनीने त्यालाच ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आणिले. तो केवळ मॅकिन्टॉशसाठी होता. संकलनासाठी ॲविड कंपनीने १९८९ साली आणलेली यंत्रणा मॅकिन्टॉशवरच उभी होती, आणि १९९१ च्या डिसेंबरात निघालेला ॲडोबीचा ‘प्रीमियर’ हाही तेथलाच. १९९३ साल संपण्यापूर्वी फोटोशॉप व प्रीमियर हे दोन्ही विंडोजवर आले. पण पहिल्या दोनतीन वर्षांत पडलेली सवय पुढे कित्येक वर्षे टिकून राहिली.

उत्तम यंत्र निवडले म्हणजे निर्धास्त झालो, असे मानणाऱ्यांनी अमिगाची कथा ध्यानात ठेवावी. कमोडोर कंपनीचा हा संगणक १९८५ साली आला. १९९० साली न्यूटेक कंपनीने त्याच्यासाठी ‘व्हिडिओ टोस्टर’ हे साधन काढले आणि ज्या करामतींसाठी पूर्वी दूरचित्रवाणीच्या मोठ्या केंद्रांतील महागडी यंत्रे लागत, त्या लहानशा खोलीत बसून करता येऊ लागल्या. चलचित्राच्या कामी त्या काळी त्या किमतीत त्याला तोड नव्हती. परंतु १९९४ च्या एप्रिलमध्ये कमोडोरचे दिवाळे वाजले. साधन उत्तम, कारागीर तयार, आणि ज्याच्यावर सारे उभे ते यंत्रच पोरके झाले!

दिवाळे न निघताही मार्ग बंद होऊ शकतो. प्रीमियरच्या पहिल्या आवृत्त्या रचणारा रँडी उबिलोस पुढे मॅक्रोमीडिया कंपनीत गेला. तेथे त्याने आरंभिलेले काम १९९८ साली ॲपलने विकत घेतले व १९९९ साली ‘फायनल कट प्रो’ या नावाने प्रसिद्ध केले. ‘द इंग्लिश पेशंट’च्या संकलनासाठी ऑस्कर मिळविणारा वॉल्टर मर्च याने २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ हा चित्रपट याच प्रोग्रॅमवर सिद्ध केला, तेव्हा त्याची प्रतिष्ठा पक्की झाली. त्याच वर्षी ॲडोबीने प्रीमियरची नवी आवृत्ती केवळ विंडोजसाठी काढून मॅकिन्टॉशकडे पाठ फिरविली. ॲपलने इंटेलचे प्रोसेसर स्वीकारल्यानंतर, २००७ साली, ती कंपनी परत आली. मधली चार वर्षे मॅकवर प्रीमियर चालविणाऱ्यास ताटकळण्यावाचून किंवा घर बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सर्वांत मोठा आघात २०११ च्या जूनमध्ये झाला. ॲपलने ‘फायनल कट प्रो टेन’ प्रसिद्ध केला. त्याची किंमत २९९ डॉलर होती, वेग मोठा होता, रचना अगदी नवी होती. मात्र आधीच्या सातव्या आवृत्तीत केलेले काम त्यात उघडत नव्हते, आणि ती जुनी आवृत्ती तर बाजारातून काढून घेण्यात आली. अनेक कॅमेऱ्यांची दृश्ये एकत्र जुळविण्याची सोयही आरंभी नव्हती. ती २०१२ च्या जानेवारीत आली. तोपर्यंत कित्येक संकलक ॲडोबी वा ॲविड यांच्याकडे वळले होते. पण तेथेही स्वामित्व कोठे होते? २०१३ साली ॲडोबीने आपल्या नव्या आवृत्त्या विकणे सोडून त्या वर्गणीवर देण्याचे धोरण जाहीर केले. मालक होता तो भाडेकरू झाला.

अशा स्थितीत दक्षिण कोरियाच्या यांग जिन-मो या संकलकाचे उदाहरण मनात भरते. २०१९ चा ‘पॅरासाइट’ हा चित्रपट त्याने फायनल कट प्रोच्या त्याच सोडून दिलेल्या सातव्या आवृत्तीवर संकलित केला. ॲपलच्या त्या वेळच्या नव्या प्रणालीवर ती चालतही नव्हती. तरीही त्या चित्रपटास २०२० साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले व संकलनासाठी नामांकनही लाभले. कला यंत्राच्या नवेपणावर अवलंबून नसते, हे यावरून सिद्ध होते; मात्र जुने यंत्र जपून ठेवण्याचा भार कलावंतावरच पडतो, हेही तितकेच खरे.

२०२० साली ॲपलच्या स्वतःच्या एम-वन प्रोसेसरने वेगाची तुलना पुनः नव्याने सुरू केली, आणि ती यापुढेही चालू राहील. परंतु निवड करणाऱ्याने प्रथम यंत्र न पाहता प्रोग्रॅम पाहावा. फायनल कट विंडोजवर चालत नाही. प्रीमियर दोन्हीकडे चालतो. ‘डाविंची रिझॉल्व्ह’ तर लिनक्सवरही चालतो, व त्याची एक आवृत्ती विनामूल्य मिळते. ज्याला दोन दरवाजे आहेत, त्या घरात कोंडले जाण्याचे भय कमी. त्याचबरोबर मूळ चित्रण आणि पूर्ण झालेले काम सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात निराळे जतन करावे. जुना संकलक कापलेली पट्टी डब्यात घालून ठेवी व निश्चिंत झोपे. आजच्या संकलकास ती निश्चिंतता हवी असेल, तर कात्री कोणाचीही घ्यावी, पण डब्याची किल्ली स्वतःजवळ ठेवावी.