यंत्राची निदानविद्या

घरांतील बटण दाबलें, पण दिवा लागला नाहीं. दोष दिव्यांत, बटणांत कीं फ्यूजमध्यें? त्याच फ्यूजवरील पंखा फिरत असेल, तर फ्यूज निर्दोष ठरतो. वीज कोणत्या वाटेनें जाते एवढ्या ज्ञानानेंच संशयितांची संख्या घटते. हीच तर्कपद्धति संगणकाला शिकविण्याचा इतिहास उद्बोधक आहे.

१९७० नंतरच्या दशकांत मार्ग निराळा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील 'मायसिन' या आज्ञावलींत वैद्यांचा अनुभव शेंकडों नियमांच्या रूपानें सांठविला होता : अमुक लक्षण दिसलें, तर तमुक रोग संभवतो. पण नव्या विद्युत् उपकरणाचा अनुभव कोणापाशींच नसतो. जो बिघाड पूर्वीं घडलाच नाहीं, त्याचा नियम कोण लिहिणार?

रँडल डेव्हिस यांनीं १९८४ सालीं, आणि जोहान द क्लीर, ब्रायन विल्यम्स व रेमंड रायटर यांनीं १९८७ सालीं दुसरी वाट दाखविली. संगणकाला बिघाडांची यादी न देतां निर्दोष उपकरणाची रचना व प्रत्येक भागाचें कार्य सांगावें. त्यावरून तो अपेक्षित मूल्य काढतो व मोजलेल्या मूल्याशीं ताडून पाहतो. दोहोंत विसंगति आढळली, तर ती अपेक्षा ज्या भागांवर उभी होती, त्यांतील निदान एक तरी सदोष असलाच पाहिजे. अशा अनेक विसंगतींचा एकत्र उलगडा करणारे थोडक्यांत थोडे भाग तो शोधतो. आणि संशय सर्वांत अधिक घटेल अशी पुढील मोजणी सुचवितो.

विल्यम्स व पांडुरंग नायक यांनीं नासाच्या एम्स केंद्रांत या तत्त्वावर 'लिव्हिंग्स्टन' ही आज्ञावली रचली. १९९८ सालीं निघालेल्या 'डीप स्पेस वन' या अंतराळयानावर १७ मे १९९९ रोजीं तिची परीक्षा सुरू झाली. मुद्दाम योजलेले लटके बिघाड तिनें ओळखले : बंद पडलेला विद्युत् घटक पुन्हां चालू करविला, खोटें सांगणाऱ्या संवेदकाकडे दुर्लक्ष केलें, यानाची दिशा सांभाळणारें एक लहान इंजिन निकामी आहे हें जाणलें.

परंतु १८ मे रोजीं प्रयोग मध्येंच थबकला. तो बिघाड मात्र कोणीं योजलेला नव्हता. यान चालविणाऱ्या आज्ञावलीचेच दोन भाग एकमेकांची वाट पाहत अडून बसले होते. लिव्हिंग्स्टनला यानाच्या अवयवांचें ज्ञान होतें, या आज्ञावलीचें नव्हतें. तें निदान पृथ्वीवरील इंजिनियरांनींच केलें, आणि २१ मे रोजीं प्रयोग पुढें नेऊन त्याचीं उद्दिष्टें साधलीं. ज्या भागाचें वर्णन निदान करणाऱ्याला दिलेलें नसतें, त्याचा संशय त्याला येऊं शकत नाहीं. म्हणून वर्णन लिहिणाऱ्या माणसाची जबाबदारी यंत्र हुशार झाल्यानें कमी होत नाहीं.