तलावातले तण, बांधीतली माती

अहेरीच्या जंगलपट्ट्यापासून गोंदियातील अर्जुनी-मोरगावपर्यंत पूर्व विदर्भातील धानशेती आजही बऱ्याच अंशी तलाव आणि बोड्यांवर विसंबून आहे. गोंड राजवटीच्या आश्रयाने, विशेषतः कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले आणि पुढे ‘माजी मालगुजारी’ अर्थात ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले असे सहा हजारांहून अधिक तलाव या प्रदेशात आहेत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि देखभालीची जुनी घडी विस्कटली. गाळ साचून उथळ झालेल्या या तलावांत दोन परक्या वनस्पतींनी ठाण मांडले, जलपर्णी आणि बेशरम. त्यांचा उपद्रव पाण्यापुरताच आहे, असे मानले जाते. वास्तविक तो पाळ ओलांडून शेतातल्या मातीपर्यंत पोहोचतो.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची वनस्पती म्हणून ती बंगालमध्ये आली आणि देशभर पसरली. अनुकूल हवामानात अवघ्या एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. बेशरमही उष्ण कटिबंधीय अमेरिकेतलीच. तोडून फेकलेल्या कांडीलाही मुळे फुटतात, म्हणूनच तिला हे नाव पडले. ती पाण्यात वाढते, तशीच पाळीवर, पाटाच्या काठाने आणि बांधावरही वाढते. त्यामुळे तलाव आणि शेत यांच्यातील सीमा ती सहज पार करते.

मातीवरील परिणाम समजून घ्यायचा, तर सूक्ष्मजीवांकडे पाहावे लागते. जलपर्णीच्या दाट थराखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. कुजणारी पाने तळाशी साचतात, तेव्हा प्राणवायूवर जगणाऱ्या जिवाणूंची जागा प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव घेतात. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव यांपैकीच होत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की हाच तळ उघडा पडतो. पुराच्या वेळी वनस्पतींचे लोंढे शेजारच्या बांध्यांत येऊन कुजतात. धानाच्या बांधीत पाणी साचलेले असतेच. तेथे ओला पाला गाडला गेल्यास उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि मिथेनची निर्मिती वाढते.

बेशरमचे खोड तंतुमय असते. त्यात कार्बन अधिक आणि नत्र कमी. असे खोड न कुजवता मातीत मिसळले, तर ते कुजवणारे सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी मातीतलेच नत्र वापरतात आणि पिकाला ते काही काळ मिळत नाही. बेशरमच्या पानांच्या अर्कामुळे पिकांच्या बियाण्यांची उगवण घटते, असे प्रयोगशाळांतील चाचण्यांत आढळले आहे. अर्थात शेतात हा परिणाम तितकाच तीव्र असेल असे नाही, कारण मातीतील जिवाणू त्या द्रव्यांचे विघटन करीत असतात. याच झाडातील ‘स्वेन्सोनिन’ हे विष जनावरांना, प्रामुख्याने शेळ्यांना बाधते. हे विष झाड स्वतः नव्हे, तर त्याच्यासोबत राहणारी एक बुरशी तयार करते!

या साऱ्याला आज व्यावहारिक महत्त्व आले आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्याने २०१७ मध्ये सुरू केली. तलावाचा गाळ शेतीला पोषक असतो, यात शंका नाही. मात्र त्या गाळातून बेशरमच्या कांड्या आणि जलपर्णीचे बी शेतात गेले, तर एका तलावाचे दुखणे अनेक बांध्यांत वाटले जाते. उपसलेली झाडे पाळीवरच टाकून दिली, तर पहिल्या पावसातच ती पुन्हा रुजतात.

उपाय अवघड नाहीत. झाडे फुलण्यापूर्वी मुळासकट काढावीत, पाण्यापासून दूर नेऊन कडक वाळवावीत. जलपर्णी ढीग करून, त्यात शेण मिसळून पूर्ण कुजवावी. ढिगातील उष्णतेने बियांची उगवणक्षमता बरीच घटते आणि सूक्ष्मजीवांना पोषक खत मिळते. शहरी तलावांच्या बाबतीत मात्र अधिक सावधगिरी हवी. चंद्रपूरच्या रामाला तलावासारख्या, सांडपाणी मिसळलेल्या जलाशयांतील जलपर्णी जड धातू शोषून घेऊ शकते. तपासणीविना असे खत भाजीपाल्याला वापरणे योग्य नव्हे.

अर्जुनी-मोरगाव परिसरात ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्था आणि ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ यांनी तलावांतील बेशरम उपटून तेथे स्थानिक पाणवनस्पती लावण्याचे काम केले आहे. रिकामी झालेली जागा देशी वनस्पतींनी भरली, तरच परक्यांना पुन्हा शिरकाव करता येत नाही, हा त्यामागील विचार आहे. त्याला पाळीपलीकडच्या मातीच्या काळजीची जोड मिळाली, तर तलावाबरोबर धानाची बांधीही सुरक्षित राहील.