मोटारसायकलवरील चार्जिंग

प्रवासात मोटारसायकलच्या विद्युत यंत्रणेतून मोबाईल, पॉवर बँक, कॅमेरा, हेल्मेटमधील ब्लूटूथ संच यांसारखी उपकरणे चार्ज करण्याची सोय. नंदुरबार जिल्ह्यात (स्थापना 1 जुलै 1998) तिची गरज सर्वाधिक भासते ती सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत. तेथे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले असल्याने दुचाकीचा वापर मोठा आहे. दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क क्षीण झाले की फोन ते सतत शोधत राहतो आणि त्याची बॅटरी एरवीपेक्षा लवकर उतरते.

यंत्रणा : इंजिनाच्या दांड्याबरोबर फिरणारे चुंबकी चाक स्थिर वेटोळ्यांत प्रत्यावर्ती वीज निर्माण करते. रेक्टिफायर-रेग्युलेटर तिचे एकदिश विजेत रूपांतर करून दाब साधारण 14 व्होल्टवर रोखतो. त्यावर 12 व्होल्टची बॅटरी भरते. हँडलवरील यूएसबी चार्जर हा दाब 5 व्होल्टवर आणतो. जलद चार्जिंगला तो 9 किंवा 12 व्होल्टही देतो. जुन्या राजदूतसारख्या 6 व्होल्टच्या गाड्यांना हे चार्जर चालत नाहीत.

विजेचा हिशेब : 5,000 मिलिअँपिअर-तासांच्या फोनमध्ये सुमारे 19 वॅट-तास ऊर्जा मावते. वाटेतील घट धरता गाडीतून 25 वॅट-तासांच्या आसपास खर्ची पडते. 100 सीसीच्या अनेक गाड्यांची बॅटरी 12 व्होल्ट, 3 अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम 36 वॅट-तासांची असते. इंजिन बंद ठेवून एक फोन पूर्ण भरला तरी तिचा दोन-तृतीयांश साठा संपतो. इंजिन चालू असताना मात्र फोनचे 10 वॅट हा किरकोळ भार ठरतो; जुन्या पद्धतीचा हेडलाइटचा दिवाच 35 वॅट घेतो. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतो, त्यामुळे तो भार दिवसाही धरावा लागतो.

जोडणी : चार्जरची धन वायर चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या वायरीला जोडतात आणि मध्ये 2 ते 5 अँपिअरचा फ्यूज घालतात, ऋण वायर बॅटरीच्या ऋण टोकाला जाते. थेट बॅटरीवर जोडलेला चार्जर गाडी उभी असतानाही थोडी वीज ओढत राहतो. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून टेस्टरने खात्री करून घेतात. वायर हँडलच्या वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवतात. तेथेच ती घासून शॉर्ट होण्याचा धोका असतो.

घाटातील वापर : शहाद्याहून तोरणमाळ (उंची सुमारे 1,150 मी.) किंवा तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव गाठताना चढ खालच्या गिअरमध्ये चढावा लागतो. इंजिनाचे फेरे वाढलेले असल्याने चार्जिंग चांगले होते. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल केली की फेरे घटतात, वीजनिर्मिती मंदावते आणि इंजिनाचा ब्रेकही सुटतो. गाडी गिअरमध्येच उतरवणे दोन्ही दृष्टींनी हिताचे.

काळजी : पावसाळ्यात सॉकेटवर रबरी झाकण लावावे आणि ओल्या पोर्टात केबल घालू नये. उन्हाळ्यात टाकीवरच्या पिशवीत तापलेला फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. इंजिनाच्या कंपनाने फोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपलने 2021 मध्ये दिली होती. हँडलवरील होल्डर कंपनरोधक असावा.

मर्यादा : लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर लावणे लहान गाड्यांना झेपत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक लागू झाल्यावर फ्युएल इंजेक्शन बहुतेक गाड्यांत रुळले. त्यातील पंप व नियंत्रक विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरलेली गाडी किक मारून वा ढकलून सुरू करणे कार्ब्युरेटरच्या गाडीपेक्षा अवघड जाते. डोंगरात मुक्काम करणाऱ्याने वाटेतच पॉवर बँक भरून घ्यावी आणि रात्री फोन तिच्यावर लावावा.