औषध मोजणारा हात

वैद्यकाच्या इतिहासात शिनोलीचे नाव कोणी शोधणार नाही. परंतु जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांत महादेव कोळी स्त्रीपुरुषांनी वेचलेला, उन्हात वाळून काळा पडलेला बाळहिरडा ज्या मुलखातून खालच्या बाजारपेठांकडे उतरत आला, त्याच मुलखात, घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव वसलेले असल्यामुळे, औषधाच्या मात्रेचा विचार येथून आरंभणे मला सयुक्तिक वाटते. (या हिरड्याचा मोठा हिस्सा औषधाला नव्हे, तर कातडी कमावण्याला जाई, ही बाब आयुर्वेदाभिमान्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.) हिरडा मोठा सोशिक, चूर्णाची चिमूट कमीअधिक झाली तरी पोट जरा जास्त साफ होण्यापलीकडे सहसा अनर्थ होत नाही, म्हणून घरची आजीही तो तराजूवाचून देऊ शकते. बचनागाची गोष्ट निराळी. गोमूत्रात शोधून घेतल्यावरही वैद्य तो गुंजेच्या हिशेबानेच देई. आणि शार्ङ्गधराने आपल्या संहितेच्या पहिल्याच अध्यायात मापांची परिभाषा घातली, ती केवळ हौसेखातर खास नव्हे.

आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक सराफाचे तसेच वैद्याचेही. कंपनी सरकारने 1833 मध्ये तोळा 180 ग्रेनांचा मुक्रर केला, तेव्हा गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित भारी ठरली. ग्रेन म्हणजे आजचे सुमारे 65 मिलिग्रॅम. दोन्ही मापे एकाच मुलखात चालू असताना जो एकाच्या जागी दुसरे धरील, त्याच्या हातून मात्रा जवळजवळ दुप्पट पडावी, किंवा निम्म्यावर यावी, असा हा मामला होता. सरकारी दवाखान्यातील कंपाउंडरने त्यावर आपल्यापुरती तजवीज केली होती: मिक्श्चरच्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवायची, म्हणजे निरक्षर रोग्यालाही एका वेळेचे औषध खाचेवरून कळे. विषारी द्रव्यांसाठी कंगोरेदार, निळ्या वा हिरव्या बाटल्या असत. अंधारात चाचपडणाऱ्या बोटांनाही धोका कळावा, हा त्यातील हेतू.

परंतु बाटलीपासून रोग्याच्या ओठापर्यंतचा शेवटचा टप्पा कोणाचा? पुण्यात ससून रुग्णालय 1867 मध्ये उभे राहिले. पुढे 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले व तेथील विद्यार्थिनी, ज्यांत विधवाही होत्या, ससूनमध्ये परिचर्या शिकू लागल्या, तेव्हा हा टप्पा मराठी घरांतील बायकांच्या हाती येऊ लागला. परिचारिकेच्या शिक्षणात एक कवाईत असते. बाटली कपाटातून काढताना, औषध ओतताना आणि बाटली परत ठेवताना, अशी तीनदा चिठ्ठी वाचायची. ओतताना चिठ्ठी तळहाताकडे ठेवायची, म्हणजे ओघळाने अक्षरे पुसत नाहीत. मापाचा पेला डोळ्यांच्या पातळीला धरून द्रवाच्या खोलगट पृष्ठाचा तळ पाहायचा. मोठमोठ्या औषधांच्या शोधांवर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी या कवाईतीला चार ओळीही देऊ नयेत, हा मला अन्याय वाटतो.

औषधे जसजशी प्रखर झाली, तसतशी ही कवाईत अपुरी पडू लागली. पुणे जिल्ह्यातच, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, 1955 साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. हे औषध लाखो युनिटांनी मोजायचे; कुपीतील भुकटीत पाणी किती घातले, यावर प्रत्येक मिलिलिटरमधील युनिटांचा हिशेब अवलंबून. आणि मात्रा बिनचूक असूनही ते एखाद्याच्या प्रकृतीला मुळीच न मानवता क्षणात प्राणावर बेते, म्हणून सुई टोचण्यापूर्वी, “मावशी, हे इंजेक्शन आधी कधी घेतलं होतं का? अंगावर गांधी उठल्या होत्या का?” असे विचारणे आणि ॲड्रिनलिन हाताशी ठेवणे हेही मोजण्याइतकेच कर्तव्य झाले. डिजॉक्सिन देण्यापूर्वी पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत आणि प्रौढ रोग्याचे ते 60 च्या खाली असल्यास गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे, हा दंडकही याच जातीचा.

तथापि परिचारिकेच्या दक्षतेलाही सीमा आहे. 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉल दिले गेल्याने 14 रोगी दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे द्रव्य होते. बाटलीतच विष असता चिठ्ठी तीनदा वाचून काय होणार? न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सारी साखळी तपासली, ते योग्यच झाले.

मापांचा जुना घोळही अद्याप निमालेला नाही. इन्सुलिन आपल्याकडे मिलिलिटरला 40 युनिटांचे मिळते, तसेच 100 युनिटांचेही. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. परंतु 100 च्या कुपीतील औषध लाल टोपणाच्या सिरिंजने, तिच्यावरील आकड्यांवर विसंबून ओढले, तर मात्रा अडीचपट होते आणि रक्तातील साखर उतरून रोगी बेशुद्ध पडू शकतो. म्हणून जाणती परिचारिका रोग्याला तपासणीच्या दिवशी कुपीबरोबर घरची सिरिंजही आणायला सांगते.