शेवटचे कडवे कुठे गेले?

14 एप्रिलच्या संध्याकाळी सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावर मिरवणूक थांबली होती. ट्रॉलीवरच्या डीजेवर भीमगीत लागले, पोरे नाचली, दोन कडवी झाली आणि गाणे तिथेच तुटून दुसरे सुरू झाले. नाचून दमलेल्या चार-पाच जणांना मी विचारले, हे गाणे कुणाचे? त्यांनी गायकाचे नाव सांगितले. गाणे वामनदादा कर्डकांचे होते.

मित्रांनो, यात त्या पोरांचा दोष नाही. वामनदादा आपले नाव बहुधा शेवटच्या कडव्यात गुंफत. संतांनी अभंगात केले तेच. ज्याच्याकडे ना प्रकाशक, ना करारपत्र, त्याचा सातबारा म्हणजे ती नाममुद्रा. रिमिक्सवाला तीच कापतो.

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी हे त्यांचे गाव. जन्म 15 ऑगस्ट 1922. शाळा नशिबी नव्हती. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले, शिवडीच्या चाळीत राहिले. तिथे एकदा कुणी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता येईना. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी मास्तरांनी बाराखडी गिरवून घेतली. पुढचा अभ्यास रस्त्यावर, दुकानांच्या पाट्या वाचत. समता सैनिक दलात ते होतेच. 3 मे 1943 रोजी त्यांनी पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन म्हणून. ज्याला कालपरवापर्यंत पत्र वाचता येत नव्हते, तो माणूस पुढची साठ वर्षे आपल्या अडाणी आयाबहिणींना बाबासाहेब समजावून सांगत गावोगाव फिरला. त्याआधी भीमराव कर्डकांच्या जलशांनी वाट पाडून ठेवली होती हे खरे. पण जलशाला संच लागतो. वामनदादांचे गाणे एकटा माणूस एका खंजिरीवर गाऊ शकत होता. म्हणून ते मराठवाड्यातल्या वाडी-तांड्यापर्यंत पोचले. नामांतराच्या सोळा वर्षांत सभेला वक्ता पोचण्याआधी गायक पोचलेला असे.

घरचे आयुष्य मात्र खडतर. पहिला संसार मोडला, लेक मीरा लहानपणीच गेली. 'वाटचाल', 'मोहळ' ही गीतांची पुस्तके आली, पण पन्नाशी उलटल्यावर.

प्रस्थापित समीक्षकांनी त्यांना 'लोककवी' म्हटले. शब्द गोड आहे. पण लोकगीताला कर्ता नसतो, असे हेच लोक शिकवतात ना? मग लोककवी म्हणायचे आणि कर्तेपणही हळूच काढून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

अमेरिकेत लेड बेली नावाचा कृष्णवर्णीय गायक होता. बारा तारांची गिटार वाजवायचा. 1933 साली लुइझियानातल्या अंगोला तुरुंगात जॉन लोमॅक्स या गोऱ्या संग्राहकाने त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. आवाज जपला गेला, हे उपकार मानू. पण गाण्यांच्या हक्कात लोमॅक्सने आपलेही नाव घातले. 1949 च्या डिसेंबरात लेड बेली वारला. पुढच्याच वर्षी त्याचे 'गुडनाइट, आयरीन' हे गाणे गोऱ्या गायकांच्या संचाने देशभर गाजवले. तिथे नाव वाटून घेतले, इथे आपणच ते पुसतो आहोत. आपल्या गाण्यांचा लोमॅक्स डीजेच्या मागे बसलेला आपलाच भाऊ आहे, आणि हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

नावाबरोबर आणखी काही कापले जाते. वामनदादांनी नुसती स्तुती लिहिली नाही. देशाच्या धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठे आहे, हे त्यांनी बड्या भांडवलदारांची नावे घेऊन विचारले. बाबासाहेबांच्या मताची माणसे आपल्यात उरलीत तरी किती, हा चटका गटबाज पुढाऱ्यांना दिला. हे प्रश्न ठेक्यात मावत नाहीत, म्हणून मिरवणुकीत नुसता जयघोष उरतो. ज्या पुढाऱ्याच्या पैशाने डीजे येतो, त्याला हे सोयीचेच आहे.

15 मे 2004 रोजी वामनदादा गेले.

त्या संध्याकाळी मी ट्रॉलीवर चढून डीजेवाल्या पोराला म्हटले, बाळा, एकदा तरी शेवटपर्यंत वाजव. तो बिचारा ऐकायला तयार होता. त्याने मोबाइल पुढे केला. त्यातले गाणे दोन कडव्यांचेच होते.